पाणी तुंबलेल्या रानात टॉनिक नको, आधी वाफसा

पूर्वा-उत्तरा नक्षत्रांचा पाऊस मराठवाड्यात आता उभ्या पिकावर येतो. 2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणाकाठच्या रानांचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीपासून लांब असलेल्या चिबड जमिनीतही दोन दिवसांच्या झडीनं सऱ्या तुंबतात. मग पाऊस उघडला की दुकानात गर्दी होते. "पीक दबलंय, उचल घेईल असं काहीतरी द्या." हातात पडते ती बहुतेक वेळा जिबरेलिक ॲसिडची, म्हणजे झाडाला लांबवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाची बाटली. माझं कळकळीचं सांगणं आहे की या वेळी ती घेऊ नका. त्यामागचं कारणही समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

आंबा-केळी पिकवणारा इथिलीन वायू प्रत्येक झाड रोज थोडा थोडा तयार करतं. एरवी तो हवेत उडून जातो. पाण्यात मात्र वायू हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतात. त्यामुळं इथिलीन आतच कोंडतो आणि बाहेरचा ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचत नाही. आपण बुडालो, ही खबर झाडाला या कोंडलेल्या वायूमुळंच कळते. ती कळल्यावर कोणतं झाड काय करतं, तिथं खरा फरक पडतो.

बांगलादेशात आणि आसामच्या सखल भागात खोल पाण्यातला भात घेतात. तिथं पुराचं पाणी महिनोन्महिने हलत नाही. या भातात इथिलीन वाढला की वाढीला लगाम घालणारं ॲब्सिसिक ॲसिड कमी होतं, जिबरेलिन जोर धरतं आणि कांड्या लांबायला लागतात. दिवसाला 20 ते 25 सेंटीमीटरपर्यंत! शेंडा पाण्यावर आला की पोकळ कांड्यांतून हवा खाली उतरते. यामागची जनुकं जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये उजेडात आणली आणि पाणबुड्याच्या श्वासनळीवरून त्यांचं नाव स्नॉर्कल ठेवलं.

याच्या अगदी उलट वागतो तो स्वर्णा सब-1 हा भात. त्यातलं सब-1 जनुक ओडिशातल्या एका जुन्या वाणातून आलं आहे. पाण्याखाली गेला की हा भात वाढच थांबवतो, साठवलेली साखर जपतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतो. साधारण दोन आठवडे तो बुडून तग धरतो. पाणी लवकर ओसरणार असेल तर उंचीसाठी साठा उधळणं झाडाला परवडत नाही.

आपलं पाणीही ओसरणारंच आहे. शिवाय सरीत पाणी तुंबतं तेव्हा कापूस, तूर, सोयाबीन यांचा शेंडा मोकळ्या हवेतच असतो. गुदमरतं ते मूळ. अशा झाडाला जिबरेलिन दिलं तर आधीच उपाशी असलेलं झाड उरलासुरला साठा लांबण्यात घालवतं, बारीक होतं आणि लोळतं. उंची रोखणारं क्लोरमेक्वाट झाडात जिबरेलिन बनणंच अडवतं. ते माजलेल्या पिकासाठी आहे, दबलेल्या पिकावर तेही नको.

म्हणून पहिलं काम टिकाव-फावड्याचं. पाऊस थांबायची वाट न पाहता उताराच्या बाजूला चर काढा, बांध अडवत असेल तर तिथं तोंड करून द्या. मात्र शेजाऱ्याच्या रानात पाणी न सोडता ते ओढ्यापर्यंत न्या. यावरून झालेली भांडणं पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळेपर्यंत, कोळपं घालू नका, खतही टाकू नका. गुदमरलेलं मूळ खत उचलत नाही आणि ओल्या काळ्या मातीवर चाललेलं अवजार तिला आणखी दाबून टाकतं.

कपाशीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. उघाड, मग जोराचा पाऊस आणि लगेच कडक ऊन, असं झालं की बोंडांनी लदलेली हिरवी झाडं अचानक माना टाकतात. हीच आकस्मिक मर. अशी झाडं दिसताच, शक्यतो त्याच दिवशी, पाणी काढून आळवणी करा: 200 लिटर पाण्यात 1 किलो 13:00:45 हे विद्राव्य खत, 2 ग्रॅम कोबाल्ट क्लोराईड आणि 250 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक. हे द्रावण झाडाच्या बुडाशी 100 मिली टाका आणि माती पायानं दाबून घ्या. यातलं कोबाल्ट इथिलीन तयार व्हायची शेवटची पायरी अडवतं, म्हणून ते या मिश्रणात आहे. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि 2 ग्रॅम अंदाजानं न घेता सोनाराच्या काट्यावर तोलून आणा. झाड पूर्ण वाळल्यावर मात्र या आळवणीचा उपयोग नाही.

सोयाबीन पिवळं पडलं तर तो बहुधा मुळांवरच्या नत्र पुरवणाऱ्या गाठी बंद पडल्याचा परिणाम असतो. वाफसा आल्यावर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम 13:00:45 घेऊन फवारा. तुरीत खोडाच्या खालच्या भागावर तपकिरी-काळे चट्टे दिसले तर तो नुसत्या पाण्याचा त्रास नाही, फायटोप्थोराची बुरशी आहे. झाड उपटून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि मगच औषध आणा.

आणि रानात कुठं पाणी किती दिवस थांबलं, त्या जागा आत्ताच खुणेच्या काड्या रोवून ठेवा. पुढच्या पेरणीला निदान तेवढ्या पट्ट्यात तरी रुंद वरंबा-सरी काढता येईल.