४२ नोमांचा तक्ता आणि माझं वाया गेलेलं सत्र

एमएच्या लघुप्रबंधाला मी विषय घेतला होता प्राचीन इजिप्तच्या जुन्या राज्यातले, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातले नोमार्क. नोम म्हणजे प्रांत, नोमार्क म्हणजे त्याचा प्रमुख. पहिल्याच दिवशी ४२ नोमांचा तक्ता छापून भिंतीवर चिकटवला. तीन महिन्यांनी फाडला.

नोम हा ग्रीक शब्द, इजिप्ती लोक सेपात म्हणत; वरचा इजिप्त म्हणजे दक्षिण; तिथले क्रमांक दक्षिण टोकाच्या एलिफंटाइनपासून सुरू होतात. एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. घोळ ४२ या आकड्यात आहे. वरच्या इजिप्तचे २२ नोम जुन्या राज्यातच ठरले. खालच्या इजिप्तचे, म्हणजे त्रिभुज प्रदेशातले, मात्र वाढत गेले आणि २० वर स्थिरावले ते फार उशिरा. मध्य राज्यातला (जुन्या राज्यानंतरचा काळ) फॅरो पहिला सेनुस्रेत याच्या कर्नाकमधल्या पांढऱ्या चॅपेलवर नोमांची यादी कोरलेली आहे, लांबीच्या मापांसकट. तिथेही खालचे २० भरत नाहीत! आणि मी पाचव्या घराण्यातला, म्हणजे जुन्या राज्यातला अधिकारी अशा नोमात बसवला होता, जो तेव्हा वेगळा झालेलाच नव्हता.

म्हणून क्रमांक लिहिण्याआधी काळ लिहा. परत सांगते, आधी काळ. वरच्या इजिप्तचा १३वा आणि १४वा नोम पाहा. दोघांचं चिन्ह एकच झाड. एक 'पुढचा', दुसरा 'मागचा'. एका सेपातचे दोन तुकडे पडल्याचं नावच सांगतं. तक्त्यात ते जन्मापासून वेगळे असल्यासारखे दिसतात.

गावांच्या नावांचंही तेच. ख्मुनू (इजिप्ती), हर्मोपोलिस (ग्रीक), अल-अश्मुनैन (अरबी) हे एकच ठिकाण. माझ्या वहीत ती दोन गावं होती. सिनिअरांच्या तयार नोट्स उतरवल्या की असं होतं. माझ्या गाइडनी तीन प्रकरणं वाचून फक्त शुद्धलेखन तपासलं. गाइड मोठ्या नावाचा नको, नकाशा उघडून बसणारा हवा.

पण घाबरू नका, विषय सोडू तर नकाच. अडलात तर बेनी हसनला, वरच्या इजिप्तच्या १६व्या नोममधल्या, दुसरा ख्नुमहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यातला आत्मचरित्रपर लेख वाचा. काळ मध्य राज्याचा आहे, तरी नोम चालायचा कसा ते त्यातून कळतं. फॅरो पहिल्या अमेनेमहेतने ख्नुमहोतेपच्या आईच्या वडिलांना नेमलं, हद्दीचे दगड रोवले, नदी मधोमध वाटून दिली. पद ख्नुमहोतेपकडे आलं ते आईकडून. पुढे त्याच्या मुलाला, नख्तला, शेजारचा १७वा नोम मिळाला, तोही आईच्या वडिलांचा. मला 'नोमार्क' कळला तो इथे, आणि तोवर सबमिशनला नऊ दिवस उरले होते.