विद्यापीठात एलएमएस सुरू करताय? या चुका टाळा

सत्राच्या पहिल्या सोमवारी ई-लर्निंग कक्षाचा फोन सकाळपासून खणखणतो आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: ‘लॉगिन होत नाही.’ सर्व्हर सुरू असतो, पासवर्डही बरोबर असतो. घोळ झालेला असतो आठवडाभर आधी, एका एक्सेल शीटमध्ये.

माझ्या पहिल्याच सोमवारी असं झालं. प्रवेश विभागाकडून नव्या विद्यार्थ्यांची यादी आली, ती एलएमएसवर (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे कोर्स, असाइनमेंट आणि परीक्षा ऑनलाइन चालवणारं सॉफ्टवेअर) चढवली आणि ज्यांचे क्रमांक शून्याने सुरू होत होते, ते सगळे बाहेर राहिले. ‘००४५१७’ क्रमांकाच्या मुलाचं खातं ‘४५१७’ या नावाने तयार झालं होतं. मधल्या कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून बघितली, कॉलमची रुंदी नीटनेटकी केली आणि भल्या मनाने सेव्ह केली. एक्सेलने त्या क्रमांकाला साधी संख्या समजून सुरुवातीची शून्यं खाल्ली. देवनागरीतल्या नावांच्या जागी तर प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या, कारण फाइल साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या मजकुराच्या) प्रकारात सेव्ह झाली होती.

यावर उपाय सोपा आहे. क्रमांकाचा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा, देवनागरी टिकावी म्हणून फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा आणि चढवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून बघा. एक्सेलमध्ये उघडून तपासू नका, त्या तपासणीतच शून्यं जातात. दुरुस्ती करताना चुकीच्या खात्याचं यूजरनेम बदला. शेजारी दुसरं नवं खातं काढू नका. तसं केलंत तर असाइनमेंट एका खात्यात आणि गुण दुसऱ्या खात्यात, असा संसार सत्रभर चालवावा लागतो.

यादी प्रवेश विभागाची, सर्व्हर संगणक विभागाचा, कोर्स शिक्षकांचा. मधल्या प्रवासात ती यादी कुणाचीच नव्हती. ‘सॉफ्टवेअर खराब आहे’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी मला अशाच दोन विभागांच्या सांध्यावर सापडल्या आहेत. म्हणून टेंडर काढण्याआधी एका कागदावर लिहा: विद्यार्थ्याने विषय बदलला तर एलएमएसमध्ये तो बदल कोण करणार आणि किती दिवसांत? उत्तरात ‘संबंधित विभाग’ असे शब्द आले, तर अजून काहीच ठरलेलं नाही.

डेमो बघून भाळणं ही त्याच्याही आधीची चूक. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या ऑनलाइन शिक्षण कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन कोर्स गाजावाजा करून सुरू केले. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण पहिल्याच सत्रात इतकं कमी आलं की जुलैमध्ये उपक्रमाला विराम द्यावा लागला. ‘फुकट’ या शब्दालाही भाळू नका: मूडल हे एलएमएस २००२ पासून आहे, मुक्तस्रोत आहे, त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. पण ते अद्ययावत ठेवणारा माणूस फुकट मिळत नाही आणि बजेटमध्ये नेमकी तीच ओळ गाळलेली असते.

त्या माणसाचं एक काम म्हणजे क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय, सांभाळणं. मूडलमध्ये इमेल पाठवणं, मुदत संपलेले क्विझ बंद करणं, साफसफाई ही कामं पडद्यामागे क्रॉन करतो आणि तो दर मिनिटाला चालावा अशी अपेक्षा असते. सर्व्हर बदलताना क्रॉनची ओळ जुन्या मशीनवरच राहिली, तर साइट वरून ठणठणीत दिसते. फक्त सूचना कुणालाच मिळत नाहीत आणि ब्राउझर बंद करून गेलेल्या विद्यार्थ्यांचे क्विझ ‘सुरू’ अवस्थेत लटकत राहतात. ‘इमेल येत नाहीत’ ही तक्रार आली की मी सर्वांत आधी क्रॉन शेवटचा कधी चालला ते बघतो, मग स्पॅम फोल्डर.

ऑनलाइन परीक्षेत मात्र सेटिंग वाचायलाच हवं. वेळ संपल्यावर काय व्हावं, यासाठी मूडल तीन पर्याय देतं: उत्तरं आपोआप जमा होतील; थोडी सवलत मिळेल, पण त्यात नवी उत्तरं देता येणार नाहीत; किंवा वेळेत जमा केलं नाही तर प्रयत्न धरलाच जाणार नाही. तिसरा पर्याय शिस्तप्रिय शिक्षकांना आवडतो. शेवटच्या मिनिटाला ज्याचं नेट गेलं, त्याचा अख्खा पेपर त्या आवडीपायी शून्य होतो. पहिलाच पर्याय ठेवा.

हजार जणांनी दहाच्या ठोक्याला एकदम ‘सुरू करा’ दाबलं की सर्व्हर धापा टाकणारच. पेपर एक तासाचा असेल, तर गटांना दहा-दहा मिनिटांच्या फरकाने सोडा. सराव चाचणीही खऱ्या गर्दीनिशी घ्या. कक्षातल्या चार संगणकांवर सगळंच सुरळीत चालतं.

आणि ती कुप्रसिद्ध मध्यरात्र! ‘असाइनमेंट शुक्रवारी रात्री १२ पर्यंत’ असं शिक्षक वर्गात सांगतात आणि सिस्टीममध्ये शुक्रवार, ०० वाजून ०० मिनिटं असं भरतात. संगणकाच्या लेखी ती वेळ गुरुवारची रात्र संपताक्षणी येते. शुक्रवारी सकाळी निम्मा वर्ग ‘मुदत संपली’ हा लाल मजकूर बघत बसतो. आमच्याकडे हे इतक्या वेळा झालं की आम्ही १२ वाजताची मुदतच बंद केली. आता २३:५९ लिहायचं, किंवा त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी ५, म्हणजे अडचण आली तर फोन उचलायला कुणीतरी जागेवर असतं. मुदत एका तासाने चुकलेली दिसली, तर सर्व्हरचा आणि वापरकर्त्याच्या प्रोफाइलचा टाइमझोन ताडून बघा.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. तासाभराचं लेक्चर १ एमबीपीएस दराने पाहिलं, तर सुमारे ४५० एमबी डेटा जातो. विद्यार्थ्याने तो स्वतःच्या मोबाइल डेटावर खर्च करायचा असतो, हे वायफायच्या खोलीत बसून ध्यानात येत नाही. लेक्चरचे मुद्द्यांनुसार तुकडे करा आणि सोबत नुसता ऑडिओ ठेवा. नोट्स स्कॅन करून टाकू नका. स्कॅन म्हणजे चित्र, दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात वाचण्यासारखं काही नसतं. मूळ टाइप केलेली फाइल द्या, ती आकारानेही लहान असते.

सध्या सगळ्यांना एआयने लिहिलेलं पकडणारं साधन हवं आहे. मी सहसा असा ठाम नसतो, पण यावर ठाम आहे: त्याच्या टक्केवारीवर कुणालाही दोषी धरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचं प्रामाणिक लेखनही अशी साधनं यंत्राचं ठरवतात, हे त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. शंका आली तर विद्यार्थ्याला बोलवा, मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्या मागा, दहा मिनिटं त्याच विषयावर बोला. लिहिलेलं त्याचं नसेल, तर चौथ्या मिनिटाला अंदाज यायला लागतो.

राहिला बॅकअप. ‘रोज रात्री होतो’ असं उत्तर सगळीकडे मिळतं. एकदा तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. आमच्या बॅकअपमध्ये डेटाबेस व्यवस्थित होता. विद्यार्थ्यांनी चढवलेल्या फाइली ज्या फोल्डरमध्ये राहतात, तो मूडलडेटा त्यात कुणी घेतलाच नव्हता. नशिबाने हे सुट्टीत कळलं.