बालविकास आणि पाककलेच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

अकरावी-बारावीला बालविकास घेणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचा समज असतो की घरात लहान भावंडं आहेत, थोडाफार स्वयंपाक येतो, म्हणजे गुण कुठे जात नाहीत. मग प्रात्यक्षिकात सगळे ठरावीक जागीच अडकतात. मी नागपुरात हे दोन्ही वर्ग घेते. एका वारी अंगणवाडीत निरीक्षण, दुसऱ्या वारी पाककलेची प्रयोगशाळा. बॅच बदलते, चुका त्याच. ज्या चुकांचा त्रास लहान मुलाला होऊ शकतो, त्यांवर इथे जास्त लिहिलंय.

निरीक्षणाच्या वहीत निकाल लिहिणं

"मूल हट्टी आहे." "मुलगी लाजाळू आहे." "लक्ष देत नाही." या वाक्यांत तुम्ही काय पाहिलं ते कुठेच नाही, तुमचं मत तेवढं आहे. त्याच मुलाबद्दल असं लिहून बघा: "ताईंनी ठोकळे परत मागितले. त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरले, मान हलवली, भिंतीकडे सरकला." आता तो हट्टी होता, घाबरला होता, की त्याचा खेळ संपला नव्हता, यावर वर्गात बोलता येतं. "हट्टी" लिहून मोकळं झालात की बोलायला काही उरत नाही.

हे मी इतकं का धरून बसते, तर एका मुलामुळे. आमच्या बॅचमधली एक हुशार विद्यार्थिनी अंगणवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलावर लिहीत होती. पहिल्या पानावर तिचा शेरा: "सूचना पाळत नाही, बुद्धीने मंद वाटतो." मी ते पान तिच्यासमोर खोडलं आणि सांगितलं, पुन्हा जा, विशेषण न वापरता लिहून आण. दुसऱ्या खेपेच्या नोंदी अशा होत्या: "ताईंनी मागून हाक मारली, वळला नाही. ताई समोर आल्या, लगेच हसला. गाण्याच्या वेळी शेजारच्या मुलीचे हात बघून हात हलवले, तिच्या मागून. गोष्ट सांगताना उठून ताईंच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला." हे पान मी सेविकाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी मुलाच्या आईला बोलावलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. लहान मुलांत ही गोष्ट बरीच आढळते आणि तिच्यावर इलाजही आहे. पहिलं पान तसंच राहिलं असतं तर सतरा वर्षांच्या मुलीने मारलेला "मंद" हा शिक्का त्या पोरावर बसला असता, आणि कान तसेच राहिले असते.

माझी पद्धत साधी आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे वेळ टाकून जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे त्याचा अर्थ, तोही घरी गेल्यावर, पेन्सिलने. डावीकडे विशेषण दिसलं की मी ते खोडते. मुलं कुरकुरतात, वेळ लागतो म्हणतात. लागतोच. अर्धा तास बसून दोन पानं नोंदी होत नसतील तर तुम्ही मोबाइल बघत होता.

आणि वरच्या वर्गाचं जर्नल उतरवू नका. पहिली चार पानं एकात्मिक बालविकास योजनेच्या माहितीची (२ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या सेवा कोणत्या वगैरे), आणि प्रत्यक्ष मुलावर अर्धं पान, असं जर्नल हातात घेतल्याबरोबर ओळखू येतं. उतरवलेल्या जर्नलमध्ये दीड वर्षाचं बाळ मित्रांशी नियम ठरवून लपाछपी खेळतं! मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, ते तुम्ही परीक्षेत पाठ म्हणून दाखवता. मग अंगणवाडीत दोन-अडीच वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापल्या डब्यात माती भरताना दिसली की "मिसळत नाहीत" का लिहिता? तो समांतर खेळ आहे. त्या वयात तसंच खेळतात.

"अजून चालत नाही?"

विकासाचे टप्पे एकेका आकड्याने पाठ केलेत की हा प्रश्न तोंडातून निघतोच. बारा महिने म्हणजे चालणं, असं डोक्यात बसलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. आकडा पाठ करायचाच तर ही दोन टोकं करा. आणि मुलाच्या आईला काहीही सांगू नका. शंका आली तर आधी मला सांगा, मग सेविकाताईंना. दीड वर्ष झालं तरी मूल चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं, पण ते ताई सांगतील, तुम्ही नाही.

मापं घेताना: दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून, त्यावरच्या मुलाची उंची उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून कशी मोजली ते वहीत लिहा. वजनकाटा आधी शून्यावर आणा. थंडीत स्वेटर, टोपी, बूट उतरवूनच वजन. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडलेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचं माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर ते तीव्र कुपोषणाचं लक्षण. पट्टी आवळून धरलीत तर धडधाकट मूल पट्टीवरच्या लाल, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या, रंगात जातं आणि आईची रात्रीची झोप उडते.

मोडाचं पीठ खमंग भाजणं

पाककलेत माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीने जातो. पूरक आहाराच्या प्रात्यक्षिकात आठ महिन्यांच्या बाळासाठी मोडाच्या पिठाची लापशी असते. मोड का आणायचे, हे विचारलं की "पौष्टिक असतं म्हणून" एवढंच उत्तर येतं. खरं कारण असं आहे. बाळाचं पोट लहान. साध्या पिठाची लापशी शिजली की घट्ट होते, बाळाला गिळता येत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. मग पोट भरतं, पण पोटात पीठ थोडंच जातं. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) वाढतं. ते पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करतं, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी पातळ राहते. सगळी मेहनत या विकरासाठी. आणि आपली मुलं काय करतात, तर मोड आलेलं धान्य वाळवून, बेसनाच्या लाडवाचं भाजतो तसं लालसर होईपर्यंत भाजतात. वास सुंदर येतो, विकर मरतं. मग "मॅडम, पातळच होत नाहीये" म्हणत पाणी ओततात, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत.

मी असं करते. धान्य रात्रभर भिजवायचं, ओल्या कापडात मोड, मग सावलीत किंवा कोवळ्या उन्हात कडक वाळवणं. मंद आचेवर हात लावून बघत, फक्त ओल जाईपर्यंत परतायचं. दाण्याचा रंग बदलायला लागला की उशीर झालाय. नंतर हातावर चोळून, मोड पाखडून टाकायचे. ज्वारी असेल तर हे सोडायचंच नाही, कारण ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. बाळाच्या पिठासाठी मी वर्गात गहू आणि नाचणीच देते.

पीठ भाजण्यात बिघडलंच असेल तर पुन्हा पाणी ओतू नका. नीट वाळवलेलं चमचाभर मोडाचं पीठ बाजूला ठेवलेलं असावं. घट्ट लापशी गॅसवरून उतरवा, उकळी बसू द्या, गरम असतानाच ते पीठ ढवळा. काही मिनिटांत डावातून धार पडायला लागते. मग पुन्हा एक उकळी.

नागपूरची हवाही लक्षात घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो तेव्हा भिजवलेलं धान्य रात्रीतून आंबतं. पाणी बदला, कापड सुकू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत उलट, एका रात्रीत मोड दिसतच नाहीत आणि घाईवाले साधं पीठ दळून "मोडाचं" म्हणून आणतात. मी ते शिजवून डावाने उचलून बघते, गोळा पडला की कळतं. थंडीत दोन दिवस आधी सुरुवात करा, गाठोडं स्वयंपाकघरात उबेला ठेवा.

बाकीच्या

वाटीचं माप घेताना पूर्ण पाककृतीला एकच वाटी. अर्धं स्टीलच्या वाटीने, अर्धं काचेच्या कपाने मोजून केक बसला तर ओव्हनला दोष देऊ नका.

वडा-भाताचे वडे तेल पितात, कारण डाळी निथळू न देता पाणी घालून बारीक वाटल्या. चाळणीत पूर्ण निथळा, पाण्याशिवाय भरड वाटा. सैल पिठात बेसन कोंबून ते सावरायला जाऊ नका, वडे दगड होतात आणि भातावर कुस्करले जात नाहीत.

फोडणीचं तेल तापल्यावर सांबार (कोथिंबीर) निवडायला बसायचं नाही. सगळं चिरून, मोजून ओट्यावर मांडलं की मगच गॅस. यावर मी ऐकून घेत नाही, मोहरी जळली की गुण कापते.

एक वर्षाखालच्या बाळाच्या मेन्यूत मध लिहू नका, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर नाही. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नाहीत, घशात अडकतात. व्हिडिओत कुणी सजावटीला वर काजू ठेवले असतील, त्याची नक्कल करू नका.

शिजवलेलं अन्न ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात एक तास. "परत गरम केलं की झालं" हे भाताला लागू नाही. उघड्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार झालं तर ते गरम करूनही जात नाही.

अंगणवाडीत तुम्हाला बघून मूल रडायला लागलं तर त्याला उचलून घेऊ नका, चॉकलेट तर अजिबात नको. दाराजवळ खाली बसा, नजर वहीकडे ठेवा. बहुतेक मुलं थोड्या वेळाने आपणच जवळ येऊन पेन मागतात. नाहीच थांबलं रडणं, तर ताईंना सांगून त्या दिवशी दुसरं मूल घ्या.