ग्रामोफोनचा कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा: खोलण्याआधी काय पाहायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात अष्टकोनी पेटी, पुढे कुत्र्याच्या चित्राची पट्टी आणि वर पिवळाधमक पितळी कर्णा अशी यंत्रं दिसतात. अशी बरीच यंत्रं अलीकडे जुळवलेली असतात: मोटर एखाद्या मोडक्या पोर्टेबलची (हातात नेता येणाऱ्या, पेटीतल्या ग्रामोफोनची) आणि बाकी सगळं नवं. म्हणून चित्र आणि चकाकी बघून काही ठरवू नका. भाग जिथे बसतो ती जागा बघा.

त्यासाठी आधी काहीही घासू नका. चिंच, पितांबरी, ब्रासो सगळं लांब ठेवा. भागाभोवतीची धुळीची कड, तेलाचा डाग, लाकडाचा न उडालेला गडद रंग हाच पुरावा असतो आणि तो एकदा पुसला की परत मिळत नाही. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग ब्रेक सोडून तबकडीची थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या, म्हणजे चावी उतरेल. चावी उतरली तरी डब्यातली स्प्रिंग ताणलेलीच असते, त्यामुळे स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. ती पट्टी बोट कापते.

आता एकेक भाग काढून त्याखालचं लाकूड बघा. मूळच्या भागाखाली त्याच्याच आकाराचा, कडा जुळणारा ठसा असतो. ठसा मोठा आणि भाग लहान असेल, किंवा शेजारी भुशाने किंवा मेणाने बुजवलेली भोकं असतील, तर तो भाग बदललेला आहे.

स्क्रू तर पुष्कळच सांगतात. स्टार खाचेचा स्क्रू 1930च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्यामुळे 1910 किंवा 1920च्या यंत्रावर तो मूळचा असूच शकत नाही. ब्रिटिश यंत्रांत लहान स्क्रू सहसा बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाचे असतात. 6 बीएचा व्यास 2.8 मि.मी. आणि आट्यांचं अंतर 0.53 मि.मी., तर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मेट्रिक मापाच्या एम 3 चा व्यास 3 आणि अंतर 0.5. दिसायला दोन्ही सारखेच, पण 6 बीएच्या भोकात एम 3 दामटला की जुने आटे कापले जातात आणि पुढे मूळचा स्क्रूही धरत नाही. व्हर्निअरने मोजूनच स्क्रू घ्या. बोटांनी दोन-तीन फेरे सहज गेला नाही, तर तिथेच थांबा.

मुलामा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते. क्रोमची निळसर, आरशासारखी. क्रोम बाजारात रुळलं ते 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या टोनआर्मवर, म्हणजे पिनेकडचा आवाज कर्ण्याकडे नेणाऱ्या पोकळ दांड्यावर, क्रोम दिसलं, तर एक तर मुलामा नवा आहे किंवा भागच नवा आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक साउंडबॉक्समध्ये, म्हणजे पिन बसते त्या गोल डबीत होते, तिथे घाई नको. ‘एक्झिबिशन’ नावाच्या जुन्या साउंडबॉक्सवरची अक्षरं रेखीव असतात. नकलेत ती बोथट दिसतात, वजन हलकं लागतं आणि पिनेचा स्क्रू डगमगतो. साउंडबॉक्समधली थरथरून आवाज काढणारी चकती तिरप्या उजेडात धरा: अभ्रकाचे थर दिसतात, कडेला पांढुरके सुटलेले पापुद्रे दिसतात. प्लास्टिक सगळीकडे एकसारखं दिसतं. एचएमव्हीच्या 101 पोर्टेबलवर 4 क्रमांकाचा साउंडबॉक्स असतो, तर 1931 साली आलेल्या 102 वर 16, 5ए किंवा 5बी. 102 वर अभ्रकाचा एक्झिबिशन दिसला, तर तो कितीही अस्सल असो, त्या यंत्राचा नाही. रबराचे गॅस्केट मात्र बिनधास्त बदला. कडक झालेलं रबर चकतीला हलू देत नाही, आवाज पिचका येतो आणि त्यात तबकडीही झिजते.

काही साउंडबॉक्स आणि टोनआर्म जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. त्यात शिसं मिसळलं गेलं असेल, तर दमट हवेत तो धातू आतून फुगतो, तडकतो. असे तडे हे जुनेपणाचं लक्षण आहे. पण भाग अडकला म्हणून पक्कड लावून पिळू नका, डाग द्यायलाही (सोल्डरने जोडायलाही) जाऊ नका. तुकडेच हातात येतील. तो भाग तसाच जपून ठेवा आणि वाजवण्यासाठी त्याच क्रमांकाचा दुसरा शोधा.

पितळी कर्ण्याचा पोचा काढायचा असेल तर पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला विचारा, पण पॉलिश नको म्हणून आधीच बजावा.

गव्हर्नरच्या, म्हणजे थाळीचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाच्या, तीन वजनांमागच्या पट्ट्यांची जाडी मोजा. ती तिन्हींची सारखी असायला हवी. एखादीच वेगळी असेल तर ती नंतरची, आणि वेग थरथरण्याचं कारणही बहुधा तीच. अशा वेळी तिन्ही पट्ट्या एकदम बदला. मग थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, पिन तबकडीवर टेकवा आणि फेरे मोजा: 30 सेकंदांत 39 आले म्हणजे वेग 78 वर बसला.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, फुटका असला तरी, पिशवीत घालून चिठ्ठीसकट त्याच पेटीत ठेवा. चिठ्ठीवर कुठून काढला, कधी काढला आणि त्या जागी काय बसवलं, एवढं लिहा.