परिषदेत बोलायचंय? दहा मिनिटांच्या भाषणातल्या या चुका टाळा

समजा, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, तुम्ही वर्षभर काम केलंत. ओहोटी गाठून गुडघाभर चिखलात उतरलात, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणलेत. आता संशोधन परिषदेत बोलायला दहा मिनिटं मिळालीत, वर प्रश्नांसाठी दोन. सगळा घाम दिसावा म्हणून माणूस सगळंच सांगायला जातो आणि तिथेच फसतो. माझ्या पहिल्या भाषणात अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा मी अजून 'साहित्य आणि पद्धती'वरच होतो. निष्कर्ष कोणी ऐकलेच नाहीत.

सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे हातात जेमतेम हजार-बाराशे शब्द. त्यातली तीन मिनिटं उद्दिष्टं, पूर्वीचं संशोधन आणि नकाशे यांत जातात. आधी भारत, मग महाराष्ट्र, मग जिल्हा, मग तालुका. परिषद रत्नागिरीतच असताना रत्नागिरी कुठे आहे ते दाखवणारेही मी पाहिलेत! एक नकाशा पुरे. पहिल्या मिनिटात प्रश्न टाका: समुद्राच्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, हजारात पस्तीसच्या आसपास, पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी खाडीत भरलं की ती एकदम उतरते, मग तिसऱ्या तगतात कशा? पुढचं प्रत्येक चित्र (स्लाइड) या प्रश्नाचं उत्तर देत असेल तरच ठेवा, नाहीतर काढा. काढलेली चित्रं फेकू नका, 'धन्यवाद'च्या मागे लावून ठेवा. प्रश्नोत्तरांत तीच उपयोगी पडतात.

एक्सेलमधला तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका, मागच्या रांगेला नुसत्या मुंग्या दिसतात. त्याचा आलेख करा. आलेख आला की लगेच 'इथे दिसतं की' म्हणायचं नाही. आधी आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर क्षारता, हे सांगा, एक श्वास घ्या, मग जुलैकडे बोट दाखवा. लाल-हिरव्या रेषा शेजारी नकोत, काही पुरुषांना त्या वेगळ्या ओळखायला जड जातात. सरासरीवरच्या उभ्या दांड्या प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन) की प्रमाण त्रुटीच्या (स्टँडर्ड एरर), नमुने किती, हे तिथेच लिहा. परीक्षक हमखास विचारतात.

आणि हो, तिसऱ्या म्हणजे नेमकी कुठली जात, हे शास्त्रीय नावानिशी एकदा स्पष्ट सांगा. किनाऱ्यावर एकाच शिंपलीला गावागणिक वेगळं नाव असतं.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं दिसताहेत? जुना फॉन्ट वापरलाय आणि तो सभागृहातल्या संगणकावर नाही. युनिकोडमध्ये टंकलिखित करा, पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा. पीडीएफमध्ये व्हिडिओ बहुधा चालत नाही, त्याची फाईल वेगळी न्या. प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला बसते का, हे चहाच्या वेळी जाऊन बघा. पावसाळ्यातली परिषद असेल तर लाईट जाणार हे धरून चला. एक तालीम चित्रांशिवाय करा.

प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर मार्गदर्शक सरांकडे बघू नका. 'हे आम्ही मोजलेलं नाही' एवढं पुरतं. फारतर, ते मोजायचं झालं तर कसं मोजाल, हे एका वाक्यात सांगा.

तालीम मनातल्या मनात नको, मोठ्याने, घड्याळ लावून. घरी साडेआठ मिनिटांत संपलं पाहिजे, मंचावर ते दहाला जातंच.