निवडणुकीच्या निकालावरून धमकी आली, तर तक्रार कशी लिहावी

कलम ठरतं ते धमकीच्या शब्दांवरून आणि ती कशासाठी दिली त्यावरून. म्हणून निवडणूक कर्मचाऱ्याने फोन ठेवल्याठेवल्या मिळेल त्या कागदावर वाक्य जसंच्या तसं उतरवावं, शिव्यांसकट. ‘अर्वाच्य भाषेत धमकावले’ एवढंच लिहिणं ही नेहमीची चूक. सभ्यपणापायी पुरावा जातो. वेळ, नंबर आणि मोजणीच्या टेबलाशी तेव्हा कोण उभं होतं, हेही लिहा.

समजा वाक्य असं आहे: ‘निकाल थांबव, नाहीतर जिवंत घरी पोचणार नाहीस.’ सरकारी कामात हवं ते करून घेण्यासाठी धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २२४: दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निकाल लागून गेल्यावर केवळ सूड म्हणून ‘तुला सोडत नाही’ असा फोन आला, तर २२४ ओढूनताणून लावू नका, टिकत नाही. तिथे कलम ३५१ आहे. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, जिवाच्या किंवा जबर दुखापतीच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद. निनावी असेल तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत. पहिल्या वाक्याला दोन्ही कलमं लागू शकतात.

‘कोर्टात खेचतो’ ही मात्र धमकी नव्हे. लोकसभा-विधानसभेच्या निकालावर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. मुंबई पालिकेच्या प्रभागासाठी लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे, तेही अवघ्या दहा दिवसांत. २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, तो वादही याच वाटेने उच्च न्यायालयात गेला.

घोटाळा होतो पोलीस ठाण्यात. २२४ अदखलपात्र आहे. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून प्रत हातात देतो आणि तक्रार देणारे साहेब समजतात गुन्हा दाखल झाला. तसं नसतं, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरूच होत नाही. धक्काबुक्की झाली असेल, कॉलर धरली असेल, तर ते आधी सांगा. सरकारी नोकरावर कामात हल्ला किंवा बळजबरी केल्याचं कलम १३२ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस आदेशाशिवाय तपास करू शकतात, आणि एक दखलपात्र कलम आलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, प्रत फुकट मिळते. कामात नुसता अडथळा असेल तर कलम २२१. पण त्यात संबंधित अधिकाऱ्याने किंवा वरिष्ठाने न्यायालयाकडे लेखी तक्रार केल्याशिवाय दखल घेतली जात नाही. आरोपीचे वकील नेमकी हीच उणीव शोधतात.

मेसेज आला असेल तर चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलचाही स्क्रीनशॉट घ्या. आपोआप गायब होणारा मेसेज दुसऱ्या फोनने टिपावा. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका: इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच्याच आधारे भरायचं असतं, आणि त्यात हॅश व्हॅल्यूचा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्याचा, रकाना असतो. माणूस दाराशीच उभा असेल तर हे सगळं नंतर, आधी ११२.