वेसाव्याच्या बंदरावर मासळी घ्यायला यायचं तर तिथी बघून या

रविवारी सकाळी सातला पिशवी घेऊन वेसाव्याच्या, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याच्या, धक्क्यावर आलेली माणसं मी नेहमी बघते. खाडी ओसरलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या. "मावशी, आज बोटी गेल्या नाहीत का?" बोटी गेलेल्याच असतात, त्यांना आत यायला खाडीत पाणी नसतं. मग ही माणसं रिकाम्या हाताने परततात नाहीतर वाटेत बर्फातली मासळी घेतात, आणि मला फार वाईट वाटतं. कारण त्याच दिवशी दुपारी ताजी मासळी येणार असते.

वेसाव्याच्या खाडीचं तोंड गाळाने भरत चाललंय, मोठी होडी भरतीशिवाय आत घेता येत नाही. म्हणून घड्याळाआधी कालनिर्णय उघडा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमजोर असते तेव्हा, जरा जास्तच. भरतीच्या तासभर आधी धक्क्यावर या.

आता यातली खरी गोम सांगते. आमच्या घरची होडी डोलीची. डोल म्हणजे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढत न्यायचं नसतं. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपणच आत शिरते, म्हणून ओढ जितकी जोराची तितकी मासळी जास्त. ओढ जोराची असते उधाणाला, पौर्णिमा-अमावस्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस. आणि मुंबईत उधाणाची दिवसाची भरती कायम दुपारी बारा ते दोन-सव्वादोनच्या दरम्यानच येते. सकाळी लवकर भरती हवी तर अष्टमी-नवमीला यावं लागतं, पण तेव्हा भांग असतो, पाण्याला जोर नसतो आणि डोलीत थोडंच लागतं. पहाटेचा गजर लावून ताजे बोंबील मिळवायचा हट्ट म्हणूनच सोडा. द्वितीया-तृतीयेला दुपारी बारा-एकच्या सुमाराला या. ऊन लागेल, पण टोपल्या भरलेल्या दिसतील.

डोलीत येतं ते मिश्र असतं: बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकट्या. पापलेट, सुरमई, घोळ यांसाठी वेगळी जाळी आणि वेगळ्या होड्या. ट्रॉलर बरेच दिवस बाहेर राहून येतात, त्यांची मासळी बर्फातली असते. ती वाईट नसते, पण आजची म्हणून आजच्या भावाने घेऊ नका, विचारून घ्या.

धक्क्यावर उतरलेला माल आधी लिलावात जातो, तिथे मध्ये घुसू नका. आमच्या बाया टोपल्या घेऊन बाजूला बसल्या की वाटे लावतात, तुमची खरेदी तिथे. बुध, शुक्र, रविवारी भाव चढा असतो. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला निम्मी गिऱ्हाइकं येत नाहीत, तेव्हा वाटा मोठा मिळतो. घासाघीस जरूर करा, आम्हालाही ती आवडते, पण भवानीच्या वेळी ताणू नका. सुट्टे पैसे आणा, रबरी चपला घाला, झाकणाचा स्टीलचा डबा आणा. गाडी कोळीवाड्याबाहेर ठेवा, गल्लीत ती वळत नाही. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका आणि बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

ताजा बोंबील काचेसारखा, किंचित गुलाबी आणि हातात घट्ट असतो. पोट पिवळं पडलं असेल तर सोडून द्या. पापलेटचा गल दाबा, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. चिंबोरी उचलून वजन बघा, आकाराच्या मानाने जड हवी. अमावस्येच्या आसपास ती भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं आमच्यात मानतात आणि मी तसंच विकत घेते.

तळहाताहून लहान पापलेट कितीही स्वस्त असो, घेऊ नका. सरकारने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि 54 जातींच्या माशांना किमान आकार घालून दिला. पण जाळ्याबाहेरचा खरा पहारेकरी गिऱ्हाईकच आहे. पिल्लू विकलं गेलं नाही तर ते पुढच्या खेपेला कोणी आणणार नाही. आमच्यातही लहान पापलेट आणणारे आहेत, हे मी लपवणार नाही. तुम्ही "नको" म्हटलंत की आम्हाला आत बोलायला जोर येतो.

घरी नेल्यावर बोंबील लगेच साफ करा, दुपारच्या उन्हात तो फार वेळ टिकत नाही. डोकं, पर, शेपूट काढा, मधून चिरून उघडा, मीठ लावा आणि दोन ताटांच्या मध्ये ठेवून वर वरवंटा ठेवा. या माशात बहुतेक पाणीच असतं, ते अर्ध्या तासात उतरतं. मग तांदळाच्या पिठात घोळवून तळा. पाणी न काढता तळलात तर तव्यातच त्याचा लगदा होईल.

1 जून ते 31 जुलै यांत्रिकी होड्यांना बंदी, बंदर बंद. त्या दोन महिन्यांसाठी मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुकट घ्यायला या. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, जोड्या अडकवून वाळवलेला बोंबील वाकवला की कडक लागायला हवा, लवचिक लागला तर आत ओल आहे. घरी एक दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर वाळवलेला माल घेऊ नका, तो जुलैपर्यंत टिकत नाही.